मेळघाट ते जामोद : कोरकू आणि निहालीच्या मुलखात

सोमवार : परतवाडा, पायविहीर

होळी उतरायच्या आत मेळघाटात पोचायचं, हे पक्कं होतं. वर्षभर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मैदानातल्या शेतांवर विखुरलेली कोरकू आदिवासी माणसं होळीला घरी येतात. त्यांची होळी एका रात्रीत आटोपतही नाही, पाच दिवस चालते. भाषा ऐकायची तर गाव भरलेलं असताना ऐकावी.

अमरावतीहून एसटीनं परतवाड्याला उतरले. माझी मैत्रीण स्टँडवर जीप घेऊन उभी होती. ती धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. मूळची वरुडकडची, नोकरीमुळे इकडे आली आणि मुलांशी बोलता यावं म्हणून कोरकू शिकली. पुढचे सगळे दिवस मी तिच्या जिभेवर प्रवास केला, कारण मला कोरकू येत नाही.

दुपारी पायविहीरला गेलो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली पायविहीरच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ही टेकडी तेव्हा जवळजवळ उघडी होती. गावानं चराईला आणि कुऱ्हाडीला आळा घातला, पाणी अडवलं, झाडं लावली, आळीपाळीनं राखण केली. आता इथली सीताफळं गाव स्वतः विकतं.

मार्चमध्ये सीताफळाचं झाड बघण्यासारखं नसतं. पण टेकडीवर नेणारा दादा आम्हाला सीताफळ दाखवायला निघालाच नव्हता. तो खाली बघत चालत होता, कुठं काय उगवलंय ते सांगत. हे आपोआप आलेलं, हे आम्ही लावलेलं, हे जनावरानं खाल्लेलं पण मुळापासून परत फुटलेलं. प्रत्येकाचं नाव आधी कोरकूत, मग हिंदीत. मराठी नावावर तो अडायचा आणि मैत्रिणीकडे बघायचा. मेळघाटातला कोरकू माणूस बाहेरच्यांशी मराठीपेक्षा हिंदीत जास्त मोकळा असतो. महाराष्ट्राच्या शाळेत मराठी, बाजारात हिंदी, घरात कोरकू असा तीन भाषांचा संसार इथं पाचव्या वर्षापासून सुरू होतो.

"दादा, हक्क मिळाला तेव्हा काय बदललं?" या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "पहिले जंगलात जायचो तर चोरावानी जायचो. आता राखणदार म्हणून जातो." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढचा सगळा प्रवास मला याच वाक्याच्या प्रकाशात दिसत गेला.

मंगळवार : सेमाडोहकडे

घाट चढलं की हवा बदलते. साग बहुतेक निष्पर्ण, खाली पानांचा करकरीत थर, मध्येच पळस पेटलेला. सेमाडोहला सिपना नदी गावाला वळसा घालून जाते. मार्चातही डोहांमध्ये पाणी होतं. सिपना म्हणजे कोरकूत साग. इथल्या नद्या, डोह, गावं यांची नावं नीट ऐकली की या डोंगरात आधी कोण राहत होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

रस्त्यात दोन ठिकाणी बायकांनी गाडी अडवली. दोर आडवा धरलेला, मागे दहा-पंधराजणी एकमेकींच्या कमरेत हात घालून पावलं टाकत गात होत्या. फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायची ही रीत. फगवा दिला की दोर खाली येतो. आम्ही दोन्ही वेळा खाली उतरून बराच वेळ ऐकत थांबलो. एक ओळ पुढची बाई टाकते, बाकीच्या ती उचलतात, परत फिरवतात. मैत्रिणीनं अर्थ सांगितला: भट्टीवरून कोण आलं, कोण नाही आलं, कुणी नवं लुगडं आणलं. गाणं जुनं, पण आतली माणसं यंदाची.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावात एका वडीलधाऱ्या काकांच्या अंगणात बसलो. मी त्यांना आकडे म्हणायला सांगितले. ते दहापर्यंत आले आणि मी त्यांना सहा आणि दहा परत म्हणायला लावलं. तुरुय. गेल. झारखंडमधल्या संताळ माणसाला हेच विचारा, तो सहाला तुरुय आणि दहाला गेलच म्हणेल. सेमाडोह आणि झारखंडातलं दुमका यांच्यात हजारेक किलोमीटरचा मुलूख आहे आणि मध्ये हिंदी, गोंडी, छत्तीसगढी पसरलेल्या आहेत.

कोरकू ही मुंडा शाखेची भाषा. मुंडा शाखा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. याच कुळात मेघालयातली खासी येते, कंबोडियाची ख्मेर येते, व्हिएतनामीही येते. या सगळ्या पसाऱ्याचं पश्चिमेचं शेवटचं टोक म्हणजे कोरकू. आपण मराठी माणसं शाळेत भाषांची दोन कुळं शिकतो, संस्कृताकडची आणि द्राविडी, आणि आपल्याच राज्यात तिसरं कुळ नांदतंय याची आपल्याला खबरही नसते. नातं ओळखायची खूणही साधी आहे. कोरकूत जिथं 'क' येतो तिथं पुष्कळदा संताळीत 'ह' येतो. माणूस इकडे कोरो, तिकडे होड. मासा इकडे काकू, तिकडे हाको. एखाददुसरा शब्द योगायोगानं जुळेल, पण असा नियम योगायोगानं जुळत नाही.

मग काकांनी मैत्रिणीच्या आणि माझ्याकडे आळीपाळीनं बोट करत सर्वनामं समजावली. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. ऐकणारा आत की बाहेर, हे आपली भाषा सांगते. कोरकूत ते आहेच, वर द्विवचनही आहे. 'मी आणि तू' असे दोघं वेगळे, 'मी आणि दुसरा कुणी, तू नव्हे' असे दोघं वेगळे, आणि तिघांपासून पुढचे पुन्हा वेगळे. अलांग, अलिंग, आबुंग, आले. काकांची पाच वर्षांची नात शेजारी खेळत होती. या चारांत ती एकदाही चुकली नाही.

२०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सात लाख सत्तावीस हजारांवर आहे. महाराष्ट्रात मुख्यतः अमरावती जिल्ह्यात, आणि पलीकडे मध्य प्रदेशात बैतुल, खंडवा, बुऱ्हाणपूर भागात. संताळी २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आली. कोरकू तिथं नाही.

बुधवार : मोह आणि मुंडे

पहाटे अंधारातच मुक्कामाच्या घरच्या आजीनं उठवलं. मोहाची फुलं रात्रीच्या उत्तरार्धात गळायला लागतात, आणि उजाडायच्या आत पोचलं नाही तर अस्वल, सांबर, रानडुक्कर आधी पोचतात. आजीच्या हातात टोपली आणि केरसुणी. झाडाखालचा पाला आधी झाडून काढायचा, मग वेचायला सोपं जातं. पुष्कळ ठिकाणी हा पाला पेटवून देतात आणि तीच आग वणवा होऊन डोंगर खाते. आजी पेटवत नाहीत. "आग लावली तर खालची सगळी रोपं जातात. मग माझ्या नातीनं कुठं वेचायचं?"

हे झाड कुणाचं, असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. जंगल वनखात्याचं, पण हा मोह त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांच्या घराचा, तो नाल्यापलीकडचा दिराच्या घराचा. कागदावर यातलं काहीही नाही. गावात मात्र कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवत नाही.

आमची टोपली भरेपर्यंत सूर्य वर आला. फुलं बोटांना चिकटतात, गोड वासानं डोकं जड होतं. एवढं वेचून झाल्यावर अंगणात वाळवणं, मग काही घरात, काही बाजारात. दारूचंच नाव होतं, पण वाळवलेला मोह पावसाळ्यात खायचंही अन्न आहे. पुढे बियांचं तेल निघतं. कुटकी, सावा, कोदो ही डोंगरउतारावरची बारीक धान्यं, मोह, चारोळी, तेंदू, रानभाज्या, नदीचा मासा असं इथलं ताट होतं. १९९३ नंतर मेळघाट हे नाव कुपोषणासाठी वर्तमानपत्रांत येऊ लागलं. त्यावर बोलताना हे ताट कसं रिकामं होत गेलं तेही बोललं पाहिजे, आणि ते फार कमी बोललं जातं.

दुपारी गावाबाहेर, मोठ्या आंब्याखाली गेलो. तिथं सागवानी खांब उभे होते, काही नवे, काही वाळवीनं पोखरलेले, एक तिरका झालेला. कोरकू त्यांना मुंडा म्हणतात. गेलेल्या माणसासाठी सिडोलीचा विधी होतो तेव्हा हा खांब कोरून उभा करतात. त्यावर चंद्र, सूर्य, घोड्यावरचा स्वार, नाचणारी माणसं. विधीला मोठा खर्च येतो, नातेवाईक लांबून बोलवावे लागतात. म्हणून मृत्यूनंतर कित्येक वर्षं उलटतात, कधी घरातल्या अनेकांची सिडोली एकत्र होते. तोवर तो जीव पूर्वजांत बसलेला नाही, वाटेवर आहे, असं मानतात. मैत्रिणीनं आधीच बजावलं होतं म्हणून फोटो काढला नाही. चितारी करणारा हात आता गावोगाव नाही, हे तिथं उभं राहिल्यावर जाणवलं. जुन्या खांबांवरचा घोडा चार रेघांत पळतो. दोन नव्या खांबांवर नुसतंच नाव आणि तारीख होती.

तिथंच सावलीत काकांनी आपल्या जन्माची गोष्ट सांगितली. ती थोड्या फरकानं १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनीही मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. रावणानं सातपुड्यात फिरताना बघितलं, डोंगर आहेत पण माणूस नाही. त्यानं महादेवाला विनवलं. महादेवानं कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडलं, त्या मातीचे एक पुरुष आणि एक बाई घडवले. इंद्राचे घोडे रात्री येऊन ते मोडून टाकत. तेव्हा महादेवानं मातीचेच कुत्रे केले, त्यात जीव घातला, कुत्र्यांनी घोडे पळवले, आणि मग मुला आणि मुलई उठून बसले. कोरकूंचे हे आईबाप. ज्याच्या मागण्यानं आपण जन्मलो तो रावण त्यांना पूज्य आहे, त्याचा मुलगा मेघनाथही. होळीच्या दिवसांत मेघनाथाचा खांब उभा राहतो. आपण दसऱ्याला ज्याला जाळतो तो इथं उपकारकर्ता आहे. या मुलखात शिरताना हे लक्षात ठेवून बोलावं, एवढं तरी पाहुण्यानं पाळावं असं मला वाटतं.

गुरुवार : शाळा

मैत्रिणीची शाळा. पहिलीच्या वर्गात अर्धी मुलं होळीमुळे गैरहजर. जी होती ती सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून बसली. मैत्रीण कोरकूत बोलायला लागली तशी वळली.

चित्रांचा तक्ता होता. वाघाच्या चित्रावर एका मुलानं लगेच "कुला" म्हटलं, कुत्र्यावर "सिता". पुस्तकातलं मराठी त्यानंतर आलं, ओळखीच्या माणसानं अनोळखी माणसाला घरी आणावं तसं. मैत्रीण आधी कोरकूत गोष्ट सांगते, मुलांना ती परत सांगायला लावते आणि मग तीच गोष्ट मराठीत नेते. तिच्या मते दुसरीच्या अखेरीस तिची मुलं मराठी वाचण्यात मागे नसतात, आणि मुख्य म्हणजे शाळा सोडून पळत नाहीत.

घटनेच्या कलम ३५० (अ) मध्ये अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं म्हटलेलं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे. 'शक्य तिथवर' हे शब्द इथं एकेका शिक्षकाच्या अंगावर येऊन पडतात. बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं केलेली शब्दांची वही मला दाखवली. झाडं, मासे, नात्यांची नावं, शेतीची अवजारं. तिच्या नंतर येणाऱ्याला ही वही सोडून जायची असं तिचं ठरलं आहे.

रात्री परतवाड्याला परत आलो.

शुक्रवार : अकोटच्या सपाटीवर

परतवाडा, अंजनगाव, अकोट. सातपुडा उजव्या हाताला सतत सोबत असतो, निळा आणि लांब.

१९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं. गाभ्यातली गावं हळूहळू बाहेर काढली गेली, त्यांतली बरीच अकोट तालुक्यात वसली. कुटुंबामागे दहा लाख रुपयांचं पॅकेज होतं, २०२१ मध्ये ते पंधरा लाख झालं. गेलेल्यांपैकी काही गावांचे लोक परत जंगलात शिरले, आणि जानेवारी २०१९ मध्ये वनखातं, पोलीस आणि गावकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला, तो तेव्हा सगळीकडे छापून आला होता.

आम्ही अशाच एका वसवलेल्या गावात दुपार काढली. रस्ता पक्का, वीज आहे, दवाखाना जवळ. एका तरुणानं स्पष्ट सांगितलं की बायकोच्या बाळंतपणाला वरच्या गावात असतो तर काय झालं असतं कोण जाणे, आणि तो परत जाणार नाही. त्याचं म्हणणं खरं आहे आणि ते मी जसंच्या तसं लिहिते आहे.

त्याची आजी मात्र ओसरीत बसून डोंगराकडे बघत होती. मी तिला त्या रानातल्या झाडांची नावं विचारली. तिनं सांगितलेली नावं मैत्रीण लिहीत गेली, पान उलटावं लागलं. मग मी पणतीला विचारलं, बारा-तेरा वर्षांची असेल. ती घरात अस्खलित कोरकू बोलत होती, आमच्यासमोरच आईशी भांडली ती कोरकूतच. पण झाडांच्या नावांवर ती तीन-चारांनंतर थांबली. आजी म्हणाली, "हिला कसं येईल? झाड समोर असलं तर मी सांगते, हे अमकं, याची साल तापाला, याचं फळ पाखराला. इथं समोर कापूस आहे आणि तूर आहे."

मला या सबंध प्रवासात सांगायचं आहे ते हेच. भाषा टिकवायची म्हणून कोश काढतात, गाणी ध्वनिमुद्रित करतात, आणि ते करायलाच हवं. पण आजीच्या डोक्यातला हा साठा चालून, वेचून, सोलून, चाखून साठलेला आहे. पायविहीरच्या दादाला टेकडीवर हक्कानं पाय ठेवता येतो म्हणून त्याची मुलं ती नावं ऐकत मोठी होतात. या मुलीला तो रस्ताच उरला नाही. वनहक्काचा दावा मंजूर करणारा अधिकारी भाषेचंही काहीतरी करत असतो, त्याला ते माहीत असो वा नसो. वाघाला जागा लागते हे मान्य. पण कुठल्या गावाला राहून रान राखता येईल, कुणाला खरोखर बाहेर यायचं आहे, हे गावागावाला बसून विचारण्याचं काम कायद्यानं ग्रामसभेकडे दिलेलं आहे. ते मनापासून झालं पाहिजे.

निघताना पणती आजीच्या नावांची यादी मैत्रिणीकडून स्वतःच्या वहीत उतरवून घेत होती.

शनिवार : जामोद

तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोद. बुलढाणा जिल्ह्याची ही उत्तरेची कड. सातपुड्याच्या पायथ्याशी सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावं आहेत. इथं निहाल लोक राहतात आणि त्यांच्यातले काही अजून निहाली बोलतात. ते स्वतः तिला काल्टो म्हणतात.

निहालीबद्दल वाचल्यापासून मला इथं यायचं होतं. जगात अशा मोजक्या भाषा आहेत ज्यांचं कुणाशीच नातं लागत नाही. युरोपातली बास्क सगळ्यांना माहीत असते. निहाली तशीच एकटी आहे आणि ती आपल्या बुलढाण्यात आहे. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तपशीलवार अभ्यास मांडला. तिच्यात कोरकूचे शब्द भरपूर, द्राविडी आणि मराठी-हिंदीचेही आहेत. पण सुमारे पाव हिस्सा शब्दांचं मूळ कुठंच सापडत नाही. मुंडा आणि द्राविडी भाषा इथं येण्याच्याही आधीचं काहीतरी त्यात उरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले शैलेंद्र मोहन यांनी या गावांत येऊन निहालीवर पुष्कळ काम केलं आहे. बोलणारे अवघे दोन-अडीच हजार धरले जातात.

ज्या घरी गेलो तिथले आजोबा आधी बोलेनात. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबत आले, त्यांच्याहून खालचे मानले गेले. आपली भाषा बाहेरच्यासमोर न बोलण्याची सवय त्यातून आली असेल. मैत्रिणीनं कोरकूत सुरुवात केली. निहाल माणसाला कोरकू येतेच. तेवढ्या वेळात चहा आला. मग मी पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं. "जोप्पो," ते म्हणाले. कोरकूत पाण्याला डा म्हणतात, कुठं जुळत नाही. चुलीकडे बोट केलं. "आप्पो." त्यानंतर त्यांनी मला विचारू दिलं नाही, स्वतःच अंगणात उठून एकेका वस्तूला हात लावत सांगत सुटले. आकडे म्हटले तेव्हा पहिल्या तीनपर्यंत मी हरवलेली होते आणि चारला 'नालो' ऐकल्यावर एकदम जमिनीवर आले, कारण त्यात द्राविडी चार सरळ ऐकू येतो, आणि पाच तर आपलाच पाच. दोन आणि तीनचं मूळही द्राविडीच मानतात. म्हणजे स्वतःचा फक्त एक, पुढचं मोजणं शेजाऱ्यांचं. बाजारात शेजाऱ्यांच्या आकड्यांत मोजावं लागलं असणार.

त्यांच्या नातवानं जळगाव जामोदच्या कॉलेजात एक वर्ष काढलं आहे. त्याला निहाली पूर्ण कळते, बोलताना कोरकू आणि मराठी मिसळते. त्यानं विचारलं, "ताई, सरकारच्या यादीत आमची भाषा का नाही?" मी मला माहीत असलेलं सांगितलं. १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत, त्या 'इतर'मध्ये जातात. पण घरी येणारा प्रगणक मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल ते लिहायला बांधील असतो. मागच्या वेळी त्यांच्या घरी काय लिहून घेतलं? आजोबा म्हणाले, विचारलंच नाही, मराठी लिहिलं असेल.

नातू थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मैत्रिणीकडे वही मागितली आणि गावांची नावं लिहायला लागला. प्रत्येक गावात त्याचा कोण नातेवाईक आहे, कोणाला मोबाईल आहे, कोणाला समजावून सांगायला स्वतः जावं लागेल. २०२७ च्या जनगणनेचा प्रगणक दारात येण्याआधी त्याला या सगळ्या घरी जाऊन सांगायचं आहे की मातृभाषेच्या रकान्यात निहाली लिहायला लावा. आजोबांनी त्या यादीत दोन गावं वाढवली, डोंगरापलीकडची, बुऱ्हाणपूरच्या बाजूची, आणि तिथं आपण बरोबर येऊ म्हणाले.